क्लाउस्टालला जाताय? मग ‘पॉइंट’ शोधू नका

उत्तर जर्मनीत नोकरीला किंवा शिकायला आलेल्या आपल्या मंडळींचा क्रम साधारण ठरलेला असतो. पहिल्या जोडून सुट्टीला बर्लिन, दुसऱ्या सुट्टीला हांबुर्ग, आणि मग कुणीतरी म्हणतं, ‘डोंगरात कुठेतरी जाऊ या की.’ तेव्हा हार्त्स पर्वताचं नाव निघतं. वेर्निगरोडेहून वाफेच्या गाडीत बसायचं, ब्रोकेनच्या माथ्यावर धुक्यात कुडकुडत फोटो काढायचे आणि संध्याकाळी घरी. त्यात वाईट काही नाही. पण त्याच डोंगराच्या पश्चिमेला एका पठारावर क्लाउस्टाल-त्सेलरफेल्ड नावाचं पंधरा हजारांच्या आसपास वस्तीचं शांत शहर आहे. तिकडे आपल्यातले विद्यार्थी सोडले तर फारसं कुणी फिरकत नाही.

मी पहिल्यांदा गेलो तो महाबळेश्वरला जावं तसा. रविवारी सकाळी उतरलो, व्ह्यू पॉइंट शोधत दोन तास हिंडलो, दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. दुपारच्या बसने परत आलो आणि चार जणांना सांगितलं, काही नाही हो तिथे. चूक गावाची नव्हती. इथे पॉइंट नाहीतच. इथे जे आहे ते तळ्यात, पाटात आणि जमिनीच्या पोटात आहे, आणि ते कोणत्या क्रमाने बघायचं हे कळलं तरच हाती लागतं. तो क्रम खाली देतोय. दोन मुक्काम धरून चाला.

आधी एक शब्द: बेर्गश्टाट

जर्मनमध्ये ‘बेर्ग’ म्हणजे डोंगर आणि ‘श्टाट’ म्हणजे शहर. त्यामुळे फलकावर ‘बेर्गश्टाट’ वाचलं की हिल स्टेशन वाटतं. पण बेर्गवेर्क म्हणजे खाण आणि बेर्गमान म्हणजे खाणकामगार. बेर्गश्टाट म्हणजे राजाने खाणकामासाठी खास सवलती देऊन वसवलेलं शहर: करात सूट, बाजार भरवण्याचा हक्क वगैरे. एरवी या थंड, ओल्या पठारावर कोण येऊन राहणार? वरच्या हार्त्समध्ये अशी सात शहरं सोळाव्या शतकात भरभराटीला आली. क्लाउस्टाल आणि त्सेलरफेल्ड ही त्यातली दोन. मधून एक ओढा वाहायचा आणि तीच दोन वेगवेगळ्या राज्यांची हद्द होती. ही जुळी शहरं १९२४ मध्ये एकत्र आली. चांदी, शिसं आणि नंतर जस्त हा इथला माल. क्लाउस्टालच्या खाणी १९३० मध्ये बंद झाल्या, पण खाणकाम शिकवण्यासाठी १७७५ मध्ये सुरू झालेली शाळा आज तंत्र विद्यापीठ म्हणून चालू आहे. आपली मुलं शिकायला येतात ती तिथेच.

उंची साधारण ५६० ते ६०० मीटर, म्हणजे महाबळेश्वरच्या निम्मीसुद्धा नाही. पण अक्षांश वरचा, त्यामुळे थंडी भरपूर.

कधी आणि कसं जायचं

मे अखेर ते सप्टेंबर हा सगळ्यात सोपा काळ. हिवाळ्यात बर्फ पडतो, गाव सुंदर दिसतं, पण पाटांच्या कडेच्या पायवाटा निसरड्या होतात. पहिल्या भेटीला हिवाळा नको. उन्हाळ्यातसुद्धा पावसाळी जाकीट बॅगेत हवंच. खाली पायथ्याच्या गोस्लार शहरात ऊन आणि वर धुकं हे नेहमीचं.

क्लाउस्टालला रेल्वे नाही. एकेकाळी होती, ती १९७० च्या दशकात बंद झाली. त्यामुळे आधी गोस्लारला या. हॅनोव्हरहून रेल्वेने सव्वा तासाच्या आसपास लागतो, ब्राउनश्वाइगहून तासाभरात पोचता. गोस्लार स्टेशनच्या बाहेरूनच वर जाणारी बस मिळते आणि वळणावळणाच्या रस्त्याने पाऊण तासात पोचवते. बस लागणाऱ्यांनी पुढे बसावं. डॉइचलांड तिकीट, म्हणजे देशभरच्या स्थानिक गाड्या-बसचा मासिक पास, या गाड्यांना आणि बसला चालतं. ते नसेल आणि चार-पाच जणांचा गट असेल तर निडरझाक्सन या इथल्या राज्याचं दिवसाचं तिकीट परवडतं. मात्र कामाच्या दिवशी ते सकाळी नऊनंतरच लागू होतं.

राहायची सोय करताना एक प्रश्न आवर्जून विचारा: ‘हाटिक्स मिळेल का?’ हार्त्समधल्या बऱ्याच गावांत मुक्कामाच्या पाहुण्यांना जे कार्ड मिळतं, त्यावर स्थानिक बसप्रवास मोफत असतो. आपण न विचारता कुणी समजावून सांगेलच असं नाही.

संध्याकाळी बस लवकर विरळ होतात. परतीची शेवटची बस कुठली, हे उतरल्या उतरल्या बघून ठेवा आणि थांब्यावरच्या वेळापत्रकाचा फोटो काढा. दऱ्यांमध्ये मोबाइलला रेंज नसते आणि ॲप नेमकं तेव्हाच उघडत नाही.

मुक्काम शुक्रवार आणि शनिवारचा ठेवा. शनिवार क्लाउस्टालसाठी, रविवार गोस्लारसाठी. उलट केलंत तर माझ्यासारखं होईल. आणि शनिवारीच रविवारच्या खाण्याची खरेदी उरकून घ्या.

शनिवारी सकाळ: चर्च, संग्रहालय आणि एक दोरखंड

क्लाउस्टालच्या बाजारचौकातलं चर्च आधी बघा. हे सबंध लाकडाचं आहे आणि जर्मनीतल्या सगळ्यात मोठ्या लाकडी चर्चपैकी एक आहे. १६३४ च्या आगीत गाव जळालं, त्यानंतर १६३९ ते १६४२ मध्ये, म्हणजे तीस वर्षांचं युद्ध चालू असतानाच, ते उभं राहिलं. आत शिरलात की जरा वेळ बाकावर बसा आणि वर बघा. शेजारच्या विद्यापीठाच्या इमारतीत खनिजांचा मोठा संग्रह आहे. तो ठरावीक वेळांनाच उघडा असतो, म्हणून आधी संकेतस्थळ पाहून जा.

याच गावात १८४३ मध्ये रॉबर्ट कॉख जन्मले. त्यांचे वडील खाणीतले अधिकारी. क्षयाचा जंतू शोधणारे हे डॉक्टर १८९७ च्या प्लेगच्या साथीत मुंबईला येऊन गेले होते. आपल्याकडे डॉक्टर लोक अजूनही पेशंटसमोर टीबी म्हणायचं टाळून ‘कॉक्स’ म्हणतात, ते त्यांच्याच नावावरून. माझ्या आजोबांच्या फायलीत हा शब्द मी लहानपणी वाचला होता. त्याचं मूळ या गावात निघेल असं तेव्हा कोणाला वाटलं असतं?

मग चालत त्सेलरफेल्डला जा. १६७२ च्या आगीनंतर हा भाग आखून, सरळ रस्त्यांचा बांधला, त्यामुळे चुकायला होत नाही. इथल्या खाणसंग्रहालयाला दोन तास द्या. खाणीची लाकडी मॉडेल्स आहेत, मागे घोड्यांनी फिरवायच्या रहाटाची इमारत आहे आणि खाली उतरून चालता येईल असा खाणीचा नमुना आहे. मॉडेल्स नीट बघा, कारण दुपारी उघड्यावर जे दिसणार आहे ते त्यांच्याशिवाय कळत नाही.

दोरखंडाची गोष्ट इथेच सांगतो. खाणीतून माल वर ओढायला तागाचे दोर आणि लोखंडी साखळ्या वापरत. साखळीची एक कडी तुटली की सगळंच खाली, आणि तेही काही सूचना न देता. विल्हेल्म आल्बर्ट नावाच्या इथल्या खाण अधिकाऱ्याने १८३४ मध्ये लोखंडी तारांचा दोर वळून घेतला: तीन पेड, प्रत्येक पेडात चार तारा, सगळं हाताने पिळलेलं. क्लाउस्टालच्या कारोलिन खाणीत तो पहिल्यांदा लावला. तारदोराची खुबी अशी की एखाद-दुसरी तार तुटली तरी बाकीच्या धरून ठेवतात आणि तुटलेली तार डोळ्यांना दिसते. रायगडच्या रोपवेत जीव मुठीत धरून बसलेल्या प्रत्येकाने या माणसाचे आभार मानायला हरकत नाही.

शनिवारी दुपार: पाणी

आता मुख्य भाग. जेवून, बूट घट्ट बांधून गावाच्या पूर्वेकडच्या तळ्यांकडे निघा.

विहीर खणणाऱ्याला पाणी लागलं की तो नारळ फोडतो. खाण खणणाऱ्याला लागलं की तो कपाळावर हात मारतो. खोल जावं तसं पाणी भरत जातं आणि ते सतत उपसावं लागतं. पंप ओढायला ताकद हवी, आणि वाफेची इंजिनं यायला अजून दोन-तीनशे वर्षं होती. मग इथल्या लोकांनी काट्याने काटा काढतात तसं पाण्याने पाणी काढलं. डोंगरावर पडणारा पाऊस अडवायचा, तळ्यांत साठवायचा, पाटाने खाणीपर्यंत आणायचा, मोठमोठी पाणचक्रं फिरवायची आणि त्या चक्रांवर पंप चालवायचे. माल वर खेचायला उलटसुलट दोन्हीकडे फिरणारी चक्रंसुद्धा होती.

या सगळ्या व्यवस्थेला ‘ओबरहार्त्सर वासररेगाल’ म्हणतात. मुख्य बांधकाम १५३६ ते १८६६ या काळातलं. जागतिक वारसा यादीत २०१० मध्ये तिची भर पडली. तिच्यात १०७ जुनी तळी, ३१० किलोमीटर पाट आणि ३१ किलोमीटर भुयारी पाट मोजले आहेत. ३१० किलोमीटर म्हणजे पुण्याहून मुंबईला जाऊन परत यावं एवढं अंतर, आणि ते सगळं कुदळ-फावड्याने खणलेलं.

गावाला खेटून असलेली तीन फाउएन तळी आधी बघा: वरचं, मधलं, खालचं. ती अशी एकाखाली एक का? कारण वरच्या तळ्यातून सुटलेलं पाणी एक चक्र फिरवून खालच्यात पडतं, तिथून पुढचं चक्र फिरवतं. एकाच पाण्याला तीन-चार वेळा कामाला लावायचं. बांधाजवळ पाण्यात किंवा बांधाच्या माथ्यावर एक छोटी लाकडी खोपटी दिसेल. ती मासे पकडायची नाही. तळ्याच्या तळाशी लाकडी नळ असतो, त्याचं तोंड उघडायचा खटका त्या खोपटीत असतो. बांध मातीचे, पाणी झिरपू नये म्हणून त्यांत गवताची ढेकळं एकावर एक दाबून भिंत केलेली असते. सुरुवातीला ही भिंत पाण्याच्या बाजूला असायची आणि लवकर खराब व्हायची. अठराव्या शतकात ती बांधाच्या मधोमध गेली आणि टिकली.

तिथून पुढे हिर्शलर तळ्याकडे जा. हे मोठं आहे आणि गावाला पिण्याचं पाणी पुरवतं, तेव्हा पोहायचा मोह आवरा. कुठल्या तळ्यात पोहता येतं ते फलकावर लिहिलेलं असतं. फलक नसेल तर विचारल्याशिवाय उतरू नका.

मग पाटाच्या कडेने चालायला लागा. जागोजागी माहितीफलक लावलेल्या या वाटांना ‘वासरवाण्डरवेगे’ म्हणजे पाण्याच्या वाटा म्हणतात. पाट डोंगराच्या अंगाने जवळजवळ सपाट पातळीवर नेलेले असतात. ज्यांनी गावाकडे पाणलोटाच्या कामात सलग समतल चर खणलेत त्यांना हे लगेच ओळखीचं वाटेल. फरक एवढाच की चर पाणी मुरवतात आणि पाट ते पुढे नेतात. आपला फायदा असा की वाटेला चढ जवळपास नसतोच. भारतातून आई-बाबा आले असतील आणि गुडघ्यांची तक्रार असेल, तर सगळ्या हार्त्समध्ये याहून सोयीचं चालणं मला तरी सापडलेलं नाही. माझ्या आईने तासभर चालून विचारलं, ‘डोंगर कधी सुरू होणार?’

हुटाल भागात एक जागा आहे, तिथे पाट इतका सपाट आहे की तळ्यातल्या पातळीनुसार पाणी या बाजूलाही वाहू शकतं आणि त्या बाजूलाही. वरवर बघायला काहीच नाही, नुसतं संथ पाणी. तरी मी तिथे अर्धा तास उभा होतो. जवळच पोल्स्टरबेर्गवर एक जुनं पंपघर आहे. खालच्या मोठ्या पाटातल्या पाण्यानेच चक्र फिरवून त्यातलं थोडं पाणी वरच्या तळ्यांसाठी चढवायचं, हे त्याचं काम.

पायात अजून जोर असेल किंवा गाडी असेल तर आल्टेनाऊच्या रस्त्यावरचा श्पेरबरहायचा बांध बघा. ब्रोकेनच्या बाजूचं भरपूर पाणी क्लाउस्टालला आणायचं होतं, पण मध्ये एक खिंड आड येत होती. मग १७३२ ते १७३४ मध्ये खिंडीवर सुमारे ९४० मीटर लांब आणि १६ मीटरपर्यंत उंच मातीचा बांध घातला आणि त्याच्या माथ्यावरून पाट नेला. आता बांधावर झाडं वाढली आहेत. बहुतेक लोक त्याला नैसर्गिक टेकडी समजून शेजारून निघून जातात.

जंगल पाहून दचकू नका

काही उतारांवर झाडंच्या झाडं वाळून राखाडी खांबांसारखी उभी दिसतील. याचाही धागा खाणीशी जुळतो. खाणीला टेकू द्यायला, धातू वितळवायला, खडक तापवून तडकवायला इतकं लाकूड लागलं की मूळचं पानझडी जंगल संपत गेलं आणि त्याजागी लवकर वाढणारी स्प्रूसची झाडं ओळीने लावली गेली. २०१८ पासूनच्या दुष्काळी वर्षांत ती कमजोर झाली आणि साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांनी त्यांचा फडशा पाडला. वाळक्या झाडांखाली थांबू नका आणि वारा असेल त्या दिवशी असल्या उतारावर जाऊच नका.

अजून दोन-तीन गोष्टी. गवतातून चालल्यावर अंगावर गोचीड बघा, विशेषतः गुडघ्यामागे आणि लहान मुलांच्या मानेवर. जुन्या खाणींच्या तोंडाला लावलेली जाळी वाकलेली दिसली तरी आत डोकावू नका. आणि जिथे गवत धड उगवत नाही असे बोडके ढिगारे दिसले, तर ते खाणीतून निघालेला टाकाऊ माल आहे. त्यात शिसं असतं. पोरांना तिथल्या मातीत खेळू देऊ नका आणि आठवण म्हणून दगड खिशात घालू नका.

रविवार: जमिनीच्या पोटात

सकाळच्या बसने गोस्लारला उतरा आणि गावाच्या दक्षिणेला असलेल्या रामेल्सबेर्ग खाणीत जा. इथे खाणकाम चालू असल्याची नोंद ९६८ सालची आहे आणि शेवटची पाळी ३० जून १९८८ ला झाली. मधली हजार वर्षं हा डोंगर पोखरला जात होता. खाण आणि गोस्लारचं जुनं गाव १९९२ पासून जागतिक वारसा यादीत आहेत.

खाली उतरायच्या सहली वेगवेगळ्या आहेत. एकच करायची तर रोडर बोगद्याची करा. हा साधारण १८०० च्या सुमारास योहान क्रिस्टोफ रोडर यांच्या देखरेखीखाली झाला. अरुंद पायऱ्या उतरत तुम्ही जमिनीखालच्या पाणचक्रांपर्यंत पोचता. काल उघड्यावर पाट कुठे जातो ते पाहिलं. आज तसंच पाणी अंधारात काय करत होतं ते दिसतं. मी पहिल्यांदा ही खाण आधी पाहिली होती आणि तेव्हा हे चक्र म्हणजे नुसतं एक मोठं लाकडी चाक वाटलं होतं. म्हणून म्हणतो, तळी आधी.

भिंतींवर निळे, हिरवे, पिवळे थर चढलेले दिसतील. निळा रंग पाहून नाशिककडच्या द्राक्षवाल्याला लगेच मोरचूद आठवेल, आणि ते तसंच आहे. शेजारी हिराकसही आहे. हात लावू नका. आत वर्षभर १० ते १२ अंश तापमान असतं, तेव्हा जुलैतसुद्धा स्वेटर न्या. सपाट तळव्याचे बूट घाला. ज्यांना बंद जागेत गुदमरतं किंवा पायऱ्या जमत नाहीत त्यांनी खाणीतल्या छोट्या रेल्वेची सहल घ्यावी. माहिती बहुतेक वेळा जर्मनमध्ये सांगतात. इंग्रजी सहल कधी आहे ते आधी विचारून घ्या.

वर आल्यावर उतारावर पायऱ्यांसारखी बांधलेली खनिज दळायची प्रचंड इमारत बघा. ती १९३० च्या दशकातली, नाझी राजवटीच्या काळातली आहे. युद्धात इथे सक्तीने आणलेले मजूर राबवले गेले. तो भाग घाईने ओलांडू नका.

तिसरा दिवस हाताशी असेल तर झांक्ट आंद्रेआसबेर्गच्या साम्सोन खाणीत ‘फारकुन्स्ट’, म्हणजे खाणकामगारांना वर-खाली नेणारं यंत्र बघायला जा. वर-खाली हलणारे दोन दांडे, त्यांवर पायापुरत्या फळ्या. एक दांडा वर आला की पलीकडच्या फळीवर पाय टाकायचा, तो वर गेला की परत अलीकडे. ही युक्ती १८३३ मध्ये त्सेलरफेल्डच्या खाणीत निघाली; त्याआधी पाळी संपल्यावर माणसं शिड्यांनी चढून वर यायची.

खाणंपिणं

विद्यापीठाचं गाव असल्याने क्लाउस्टालला पिझ्झा-डोनर मिळतातच. शाकाहारी मंडळींनी ‘कार्टोफेलपुफर’ मागवावेत. किसलेल्या बटाट्याची थालीपिठासारखी तळलेली धिरडी, सोबत सफरचंदाची गोड चटणी. उपासाला चालतील असं मात्र धरू नका, त्यात अंडं असू शकतं. हार्त्सचं चीज वासाला फार उग्र असतं. हॉटेलच्या खोलीत उघडू नका, एवढंच सांगतो.

बिअर पिणाऱ्यांसाठी गोस्लारची ‘गोजे’ आहे. ती इथल्या गोजे नदीच्या नावाने ओळखली जाते आणि तिच्यात मीठ आणि धणे घालतात. होय, धणे.

जुन्या वाटाड्यांना भेटलात तर ‘ग्ल्युक आउफ’ म्हणा. खाणकामगारांचा हा रामराम आहे आणि परक्याच्या तोंडून ऐकला की चेहरा लगेच खुलतो.

परतीची रेल्वे साडेसहा-सातच्या सुमाराची घ्या. गोस्लारच्या बाजारचौकात संध्याकाळी सहा वाजता घंटा वाजायला लागतात आणि एका इमारतीच्या माथ्यावरची दारं उघडून छोट्या बाहुल्या फिरत बाहेर येतात. सुरुवातीला एक घोडेस्वार येतो: त्याच्या घोड्याने खूर आपटला आणि रामेल्सबेर्गचं खनिज उघडं पडलं, अशी दंतकथा आहे. त्याच्यामागून खाणकामगार येतात. चुकलं तर हाच खेळ नऊ, बारा आणि तीनलाही असतो. चौकातून स्टेशन दहा मिनिटांच्या अंतरावर आहे.